लापशीचा पाव

"मला का नाही सांगितलं?"

शिमोन उंबऱ्यातच उभा होता. पायातल्या चपला काढलेल्या नव्हत्या, खांद्यावरची पिशवी खाली ठेवलेली नव्हती.

आत तीमथ्यतात्या परातीत पीठ चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तात्या, तुम्हाला विचारतोय. आईला माहीत होतं, पप्पांना माहीत होतं, पाळकसाहेबांना माहीत होतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालासुद्धा माहीत होतं. मग एकट्या मलाच का नाही सांगितलं?"

चाळणी थांबली. तात्यांनी चाळणीत राहिलेला कोंडा बोटानं गोळा केला, बाजूला ठेवला.

"हात धू," ते म्हणाले.

हा प्रश्न शिमोननं महिनाभर दारोदार फिरवला होता. आईला विचारला, तर तिनं पदर तोंडात कोंबला. पप्पांना विचारला, तर ते मोटार चालू करायला विहिरीवर निघून गेले. वीज नव्हती तरी गेले. डॉक्टरांना विचारला, तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. शिमोननं तो हात झटकून टाकला. चर्चच्या मंडळीत त्याची अजून चर्चा होती.

त्याची थोरली बहीण सुवार्ता पोटाच्या दुखण्यानं गेली. दुखणं कसलं आहे, ते घरात पहिल्यापासून ठाऊक होतं. शिमोनला मात्र सांगितलं होतं, अल्सर आहे, पथ्य पाळलं की जाईल. आठवीत शाळा सोडून कांद्याच्या ट्रकवर चढलेल्या पोरानं ते खरं मानलं. का मानू नये? सांगणारी आई होती.

सुवार्ता गेली तेव्हा तो माल भरून हुबळीच्या रस्त्याला होता. निघताना आईच म्हणाली होती, "जा बिनघोर. अक्का बरी आहे. सकाळी पाव खाल्ला तिनं."

परत आला तेव्हा माती होऊन गेली होती. फोन लागला नाही, असं म्हणाले.

सुवार्ता जाऊन महिना झाला म्हणून आज संध्याकाळी घरी उपासना होती. सुवार्ता होती तोवर घरातल्या प्रत्येक प्रार्थनेनंतर तिच्या हातचा ओट्सचा पाव मोडला जायचा. आलेल्या प्रत्येकानं आपला तुकडा हातानं तोडायचा, सुरी लावायची नाही, असा तिचा दंडक होता. तो पाव घरात दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. आई म्हणाली, "आज तिचाच पाव हवा." शिमोन म्हणाला, "मी आणतो."

त्याच्या मनात वेगळंच होतं. पाव टेबलावर ठेवायचा, पिशवी उचलायची, निघायचं. मालकाशी बोलून झालं होतं. बेळगावला खोली मिळणार होती. पुन्हा त्या घरात पाणीसुद्धा प्यायचं नव्हतं.

पण आधी तात्या. कारण हा पाव सुवार्ता तात्यांकडे शिकली होती. आणि तात्या खोटं बोलत नाहीत, असं सगळे म्हणत.

तीमथ्यतात्या पूर्वी मिशनच्या एका दवाखान्यात आचारी होते. पेशंटांसाठी ओट्सची लापशी शिजायची. ज्यांना घास गिळवत नसे, त्यांच्या वाट्याची पातेल्यात उरायची. तात्या ती टाकत नसत. दुसऱ्या दिवशीच्या पावाच्या पिठात मळत. दवाखाना बंद पडला. तात्या नगरच्या बाहेर, डोंगराच्या उतारावर एक पत्र्याचं प्रार्थनाघर होतं, तिथं येऊन राहिले. मागं विटामातीची भट्टी बांधली. माणसं आपापलं दुःख घेऊन यायची, तात्या त्यांना पीठ मळायला लावायचे. कुणी गुरू म्हणालं की म्हणत, "आचारी म्हण. गुरूला पगार नसतो."

"अरे, धू की हात!" मागून आवाज आला. "आणि चपला काढ. रस्त्याचं शेण घालायचंय का पावात?"

ही रूथमावशी. तात्यांच्या लांबच्या नात्यातली. भट्टी, कोंबड्या आणि तात्या या तिघांवर ती सारख्याच आवाजात ओरडायची.

शिमोननं चपला काढल्या. रांजणातलं पाणी घेतलं. थंडीचे दिवस होते, बोटं बधिर झाली. मग त्यानं पिशवीतून ओट्सचा डबा काढला आणि तात्यांच्या पुढ्यात आपटला.

"घ्या. हुबळीहून आणलेला. तिच्यासाठी. डबा हातात घेऊनच दारात आलो होतो मी... अंगणात खुर्च्या मांडलेल्या."

तात्यांनी डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला. डबा फोडलेला नव्हता.

"शिजव," ते म्हणाले.

चुलीवर पातेलं चढलं. पाणी उकळलं, शिमोननं ओट्स ओतले, मीठ टाकलं, गुळाचा खडा टाकला. तात्यांनी चमचाभर तूप सोडलं.

"ढवळ."

शिमोन ढवळू लागला.

"तुम्हालाही माहीत होतं?"

"खाली लागेल. ढवळ."

"माहीत होतं का, तात्या?"

"हो."

हातातला डाव थांबला. लापशी एकदा मोठ्यानं बुडबुडली आणि त्याच्या मनगटावर थेंब उडाला. त्यानं तो पुसलाही नाही.

"इथं यायची ती?"

"चालवत होतं तोवर."

"काय म्हणायची?"

तात्यांनी थोडा विचार केला. "म्हणायची, तुमचे ओट्स फार शिजतात."

चुलीपाशी लाकडं रचणारी रूथमावशी फिस्कन हसली, आणि लगेच गप्प झाली.

पातेलं खाली उतरलं. तात्यांनी एका वाटीत कोमट पाणी घेतलं, चिमूटभर साखर टाकली, पाव फुगवणारं खमीर सोडलं. थोड्या वेळानं वाटीत फेस धरला, बारीक बारीक बुडबुडे वर येऊन फुटू लागले.

"जिवंत आहे," तात्या वाटीकडे बघत म्हणाले. त्यांनी ती पिठात केलेल्या खळग्यात ओतली. "आता लापशी गार होऊ दे."

"किती गार?"

"अंगठा बुडवायचा. आत ठेवता आला, तर ओत. चटका बसला, तर थांब."

"आणि मग सांगाल?"

"भट्टी बघून येतो," म्हणत तात्या उठले.

शिमोन एकटा राहिला. पातेल्यातून वाफ निघत होती. दारातून ऊन आत आलेलं होतं, ते जमिनीवरून सरकत होतं. घरी आता खुर्च्या आल्या असतील. पाळकसाहेबांचा तो मऊ आवाज. 'प्रभूची इच्छा.' सगळे माना हलवतील. ज्यांना माहीत होतं ते सगळे.

त्यानं अंगठा बुडवला. चटका बसला. अंगठा तोंडात धरून तो पातेल्याभोवती एक चक्कर मारून आला. पुन्हा बुडवला. पुन्हा चटका.

थांबणं त्याला कधीच जमलं नव्हतं. रेल्वेच्या बंद फाटकाशीसुद्धा तो हॉर्न वाजवत राहायचा.

"मळता मळता होईल गार," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्यानं पातेलं परातीत उपडं केलं.

हात भाजत होते. मुठी वळून, अंगाचा भार टाकून तो मळत राहिला. हात भाजत होते आणि त्याला बरं वाटत होतं.

तात्या परत आले तेव्हा पिठाचा गोळा होत आला होता. ते त्याच्याशेजारी बसले. परातीच्या बुडाला त्यांनी तळवा लावला. तळवा तसाच राहू दिला. मग त्यांनी शिमोनकडे बघितलं. कपाळावर घाम, आवळलेला जबडा, लाल झालेली बोटं.

मागोमाग मोळी घेऊन रूथमावशी आली. गोळ्यातून अजून वाफ निघत होती. तिनं ती बघितली.

"अरे मेल्या, हे काय—"

तात्यांनी एक बोट वर केलं.

रूथमावशीचं तोंड उघडंच राहिलं. तिनं तात्यांकडे बघितलं, पोराकडे बघितलं, पुन्हा तात्यांकडे बघितलं.

"मी म्हणत होते... लाकडं ओली आहेत," ती म्हणाली, मोळी धाडकन आपटली आणि बाहेर गेली.

"बरोबर झालंय ना?" शिमोननं विचारलं.

"झाक."

त्यानं ओला फडका पिळून परातीवर टाकला.

"फुगेल ना?"

"बस."

तो बसला. तात्याही बसले. बाहेर कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

पहिल्यांदा तो नुसताच फडक्याकडे बघत राहिला. मग गुडघा हलवू लागला. मग आपोआप बोलू लागला.

"रविवारी मी यायचो ना, तर ही खाटेवर तयारच. केस विंचरलेले, पावडर लावलेली. हात पुढे करून म्हणायची, 'काय ड्रायव्हरसाहेब, माझा हप्ता आणला का?' मी डबा द्यायचो. ती म्हणायची, 'एवढाच? मागल्या खेपेला पोलिसाला जास्त दिलास म्हणे.'"

तात्या ऐकत होते.

"आणि माझ्यासमोर खायची. एक तुकडा, सावकाश. म्हणायची, 'तुझ्यासारखी बकाबका खात नाही मी, माणसात वाढलेय.' ...मी तिला ईस्टरला केबिनमध्ये बसवून नाशिकला नेणार होतो. मला म्हणते, 'खिडकीची सीट पाहिजे.' मी म्हटलं, 'येडे, ट्रकला सगळ्या सीटा खिडकीच्याच असतात.' तर म्हणते, 'तरी पण. तू सरकायला लावशील.'"

आणि तो हसला. स्वतःच्याही नकळत, मोठ्यानं. महिन्याभरात तो पहिल्यांदा हसत होता. दाराआडून रूथमावशीही हसली, पण तिनं लगेच पदरानं नाक शिंकरलं.

"फुगलं असेल आता."

त्यानं फडका उचलला. गोळा होता तसाच होता.

"थोडंसं वर आलंय... नाही का?"

तात्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"गारठा आहे म्हणून. अक्का उन्हात ठेवायची."

त्यानं परात उचलून दारातल्या उन्हात ठेवली. स्वतःचा स्वेटर काढून फडक्यावर घातला, चारी बाजूंनी खोचला. एक कोंबडी जवळ आली, तिला त्यानं हाकललं. ऊन सरकलं, तशी त्यानं परात सरकवली. पुन्हा सरकलं, पुन्हा सरकवली. अंगणभर तो परात घेऊन उन्हामागे फिरत होता. मध्येच उकिडवा बसून त्यानं स्वेटरपाशी तोंड नेलं.

"अक्के, फुग की गं," तो हळूच म्हणाला. "लई भाव खाऊ नकोस."

रूथमावशी उठून भट्टीमागं गेली. तिला ते बघवत नव्हतं.

ऊन भिंतीवर चढायला लागलं, तेव्हा शिमोननं फडका काढला आणि अक्का दाबायची तसं गोळ्यात बोट दाबलं. तिच्या पिठात पडलेला खड्डा सावकाश भरून यायचा. हा खड्डा तसाच राहिला. आतून गोळा थंड होता.

"तात्या... हे वर येत नाहीये."

"येणार नाही."

"म्हणजे?"

"खमीर मेलंय."

"कधी?"

"तू लापशी ओतलीस तेव्हाच. गरम होती."

शिमोन उठून उभा राहिला.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"परातीला हात लावला तेव्हा."

"तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मी इतका वेळ... उन्हात परात घेऊन नाचतोय... बोलतोय त्याच्याशी..."

"हो."

"दुसरं भिजवलं असतं की मी! वेळ होता!"

"होता," तात्या म्हणाले. "वेळ होता."

शिमोननं झेप घेतली. तात्यांचा सदरा गळ्याशी त्याच्या मुठीत आला. एक गुंडी तुटून अंगणात उडाली. रूथमावशी ओरडत धावत आली.

"मग सांगितलं का नाही?"

शब्द तोंडातून गेले आणि ते त्याचे त्यालाच ऐकू आले.

मूठ हळूहळू सैल झाली.

"तू हसत होतास," तात्या म्हणाले.

"मग? एवढ्यासाठी?" शिमोनचा आवाज फाटला. "मला हसायचं नव्हतं, तात्या. मला तिच्या उशाशी बसायचं होतं. तिचं पाणी, तिची ओकारी, तिच्या शिव्या, जे काय असेल ते. माझ्या वाट्याचं होतं ते. तुम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लंत."

तात्या वाकले. गुडघे वाजले. मातीतली गुंडी त्यांनी शोधून काढली, फुंकर मारली, खिशात टाकली.

"खाल्लं," ते म्हणाले.

"लेकरा," रूथमावशी मध्ये पडली, "आठवड्यातला तो एकच दिवस ती पोरगी आजारी नसायची. तू यायचास तो. बाकीचे दिवस घरात जो तो तिच्याकडे असा बघायचा, जशी काय ती आधीच गेलेली आहे. तू एकटा भांडायचास तिच्याशी. तिनंच सगळ्यांना शपथ घातली होती. तू गेलास की मग..."

"रूथ," तात्या म्हणाले.

ती थांबली.

"मी गेलो की काय?"

रूथमावशीनं तोंड फिरवलं. पण शिमोनला खाटेखालचं घमेलं आठवलं. ते नेहमी तिथं असायचं, फडक्यानं झाकलेलं. एकदा त्यानं विचारलंही होतं. आई म्हणाली होती, कोंबड्यांचं खाणं आहे. आणि त्यानं तेही खरं मानलं होतं.

माझ्यासमोर खाल्लेला प्रत्येक तुकडा, त्याच्या मनात आलं. प्रत्येक.

"तिचे रविवार झाले," तो म्हणाला. "आणि माझे? मी कुणाशी बोलत होतो त्या दिवशी? बहिणीशी, का नाटकाशी? तिनं सोंग घ्यायचं, तुम्ही पडदा धरायचा, आणि मी येड्यासारख्या टाळ्या वाजवायच्या. शपथ तिची. मला कोणी विचारलं?"

"नाही," तात्या म्हणाले.

"चुकलात तुम्ही सगळे."

"असेल."

"असेल नाही! चुकलात!"

तात्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग ते म्हणाले, "गोळा साच्यात घाल."

"मेलेला?"

"भट्टी तापली आहे."

का ते त्याला कळलं नाही, पण त्यानं घातला. हातांना काहीतरी करायला हवं होतं. नाहीतर ते पुन्हा कुणाच्यातरी गळ्याशी गेले असते. पत्र्याच्या साच्याला त्यानं तेल लावलं, गोळा आत दाबला, वर मूठभर ओट्स भुरभुरले. अक्का भुरभुरायची तसे. लांब फळीवरून तात्यांनी साचा भट्टीत सरकवला आणि तोंडाशी पत्रा लावला.

वास मात्र तोच सुटला. भाजलेल्या ओट्सचा, करपणाऱ्या गुळाचा. रविवारचा वास. शिमोन भट्टीकडे पाठ करून बसला.

पाव बाहेर आला. रंगानं चांगला तांबूस झाला होता, पण साच्याच्या अर्ध्यातही आलेला नव्हता. तात्यांनी तो उलटा केला आणि बोटाच्या पेरानं बुडावर ठोकलं. नीट झालेला पाव आतून पोकळ वाजतो. हा विटेसारखा वाजला.

"पप्पांच्या डोक्यात घालतो नेऊन," शिमोन म्हणाला.

"घाल," रूथमावशी म्हणाली. "एवढा कडक तर झालाय."

तो हसला नाही. पाव हातात घेऊन तोलत राहिला. त्याचे डोळे कोरडे होते.

"बरंच झालं. हाच ठेवतो टेबलावर. सगळे बसलेले असताना. सांगतो, घ्या, मोडा. सकाळीच मेला होता, मला कुणी सांगितलं नाही. आता सगळ्यांनी मिळून खा. पाळकसाहेबांना कोपऱ्याचा तुकडा द्या."

तात्यांनी भट्टीच्या तोंडाशी पत्रा पुन्हा लावला.

"एकदा तरी त्या घरात खरं काय ते टेबलावर येऊ दे. मग जातो मी."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

आई होती. महिनाभर तो तिला एका शब्दाचंच उत्तर देत आला होता, फोन तर उचलतच नव्हता. आज त्यानं उचलला. सांगायचं होतंच. आधी तिलाच सांगावं.

त्यानं स्पीकर लावला. तात्यांनीही ऐकावं म्हणून.

"शिमोन?" मागं खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. "शिमोन, उचललास का रे बाळा?"

"आई, तुला एक सांगायचंय. पाव..."

"झाला का? थांब हं, जरा बाजूला येते..." खुर्च्यांचा आवाज लांब गेला. आईचा श्वास ऐकू येऊ लागला. "तुझे पप्पा दुपारपासून फाटकाशी उभे आहेत. तू दिसतोस का बघतायत. आत या म्हटलं तर येत नाहीत. म्हणाले, पोरगा आणतो म्हणालाय म्हणजे आणील. मी तिचं ताट काढून ठेवलंय, निळ्या काठाचं. तिचा दंडक आहे ना, सुरी लावायची नाही, म्हणून सुऱ्या उचलून ठेवल्या सगळ्या..."

"आई, ऐक."

"मला महिना झाला रे, घास उतरत नाही. चहावर आहे. तुला सांगणार नव्हते. आज खाईन पण. मनाशी ठरवलंय. तिचा म्हणून एक तुकडा आज खाईन..." आवाज अडकला, पुन्हा सुटला. "फुगलाय ना रे चांगला? तिचा फुगायचा तसा?"

शिमोननं हातातल्या पावाकडे बघितलं.

रूथमावशी हातातली काटकी धरून उभी राहिली. कोंबड्यांनी खुराड्याकडे चालायला सुरुवात केली होती. तात्यांनी मान खाली घातली होती, सदरा गळ्याशी उघडा होता.

"शिमोन? आहेस का?"

"हो आई," तो म्हणाला. "फुगलाय."

"खरंच?"

"साच्याच्या पार वर आलाय. अक्काचा यायचा त्याच्याहून जास्त."

पलीकडून आवाज आला. आई हसली की रडली, कळलं नाही. मग तिनं मोठ्यानं हाक मारली, "अहो, ऐकलं का! फुगलाय म्हणे!" आणि फोन बंद झाला.

शिमोननं फोन खिशात टाकला.

तात्या आत गेले आणि धुतलेला पांढरा पंचा घेऊन आले. त्याच्या हातातून त्यांनी पाव घेतला, पंच्यात ठेवला. मऊ, गरम पाव बांधावा तसा, दाबला जाऊ नये अशी काळजी घेत, चारी टोकं जुळवून सैल गाठ मारली. मग गाठोडं त्याच्या दोन्ही हातांवर ठेवलं आणि त्याच्या कानाशी वाकून, हळूच विचारलं,

"का नाही सांगितलंस?"